चारवरच चालणारा ब्लोअर

नमस्कार मंडळी. आज जुन्या व्हॅनबद्दल बोलायचंय. म्हणजे ती सरकत्या दाराची, पुढच्या सीटखाली इंजिन, त्यामुळे बसायची जागा कायम कोमट. मारुतीची व्हॅन 1984 ला आली, पुढे तिची ओम्नी झाली, 2019 ला ती बनवायची बंद झाली, तरी अजून गावोगावी अशा व्हॅनी फिरतायत, शाळेची पोरं नेतायत, भाजी नेतायत. माझ्याकडची कुठल्या कंपनीची ते विचारू नका, बिचारीचं वय झालंय, त्यात कंपनीला काय बोलायचं.

तर मागच्या श्रावणात रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो, साखरपा मागे टाकलं आणि आंबा घाट चढायला लागलो, बाहेर धुकं, आत आम्ही पाच जण आणि पाच ओले रेनकोट, काच आतून दुधासारखी पांढरी. काचेवर वारा सोडणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, एकवर टाकला, काही नाही. दोन, नाही. तीन, नाही. चारवर टाकला तर एकदम घोंगावत सुरू झाला आणि त्याच क्षणाला हेडलाइट पिवळे पडले! मग काय, बायको शेजारी बसून फडक्याने काच पुसतेय आणि मी वीसच्या स्पीडने खिडकीतून डोकं बाहेर काढून चाललोय.

घरी आल्यावर मी जे केलं ते तुम्ही करू नका. लाइट पिवळे म्हणजे बॅटरी गेली असं ठरवून सरळ नवी बॅटरी आणली. बसवली, चारवर टाकला, लाइट परत पिवळे.

आता ब्लोअरचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे आणि लोक उगाच मोटर बदलतात. एक, दोन, तीन या स्पीडना करंट रेझिस्टरमधून जातो, तो करंट अडवतो म्हणून पंखा हळू फिरतो, आणि चारवर रेझिस्टर बाजूला राहतो, करंट डायरेक्ट मोटरला. म्हणजे चारवर चालतोय तर मोटर ठीक, फ्यूज ठीक, बहुतेक करून रेझिस्टर गेलाय. कुठल्याच स्पीडला चालत नसेल तर मात्र फ्यूजपासून सुरू करा. तो रेझिस्टर बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला ब्लोअरच्या डब्यावरच असतो, दोन स्क्रू काढले की हातात येतो, स्प्रिंगसारख्या तारा असतात त्याला, माझ्यातली एक तुटलेली होती.

पण तो जळला का, ते बघा ना! तो पंख्याच्या वाऱ्यातच बसवलेला असतो, वाऱ्याने थंड राहावा म्हणून. माझी गाडी उभी असते सुरूच्या झाडाखाली. काचेखालच्या जाळीतून वर्षानुवर्षं सुरूच्या काड्या आत गेलेल्या, वर उंदराने त्यात कापूस आणि शेंगदाण्याची टरफलं आणून घर केलेलं, अर्धी पिशवी कचरा निघाला हो. वारा अडला, रेझिस्टर तापला आणि जळला. कचरा न काढता नवा टाकला असता तर तोही गेला असता. आणि हात घातलाच आहे तर बटण बंद ठेवून पंखा बोटाने फिरवून बघा, अडकत अडकत फिरला तर मोटर जास्त करंट ओढणार आणि परत तेच.

वारा पायाशी येतोय आणि काचेवर येत नाही, हा वेगळा आजार. लिव्हर सरकवल्यावर आतली झडप हलवणारी केबल क्लिपमधून निसटलेली असते, कधी कधी नुसती परत अडकवली तरी चालतं. काळे काळे कण उडत असतील तर तो झडपेवरचा फोम, म्हातारा झालाय. आणि पावसात हवा बाहेरून घ्या, आतलीच फिरवत ठेवली की श्वासाची वाफ परत काचेवर.

आता पिवळ्या लाइटचं. शेवटी आमच्या इकडच्या एका जुन्या वायरिंगवाल्याकडे गेलो. त्याने बॅटरीवर मीटर लावला, इंजिन चालू, 14.2 व्होल्ट. साधारण 13.8 ते 14.4 च्या मध्ये असलं की बॅटरी चार्ज करणारा डायनमो बरोबर, इंजिन बंद करून थोडा वेळ ठेवल्यावर 12.6 च्या आसपास असलं की बॅटरी भरलेली. "मग बॅटरी कशाला घेतलीत?" म्हणाला. मी गप्प.

मग ब्लोअर चारवर, लाइट चालू, मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी बॉडीच्या उघड्या पत्र्यावर. तिथे 0.2 च्या आत दिसायला पाहिजे, माझ्याकडे 1.1! म्हणजे करंट परत यायची वाटच खराब, बॉडीची अर्थ, म्हणजे बॅटरीचा मायनस बॉडीला जोडणारी वायर, तिचा जोड गेलेला. समुद्राची खारी हवा, त्या अर्थच्या बोल्टखाली हिरवी-पांढरी बुरशी चढलेली. मायनस काढला, पत्रा आणि वायरचं टोक पॉलिश पेपरने चकचकीत घासलं, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली. लाइट पांढरेशुभ्र. खर्च एक पॉलिश पेपर.

एवढं मात्र ऐका, फ्यूज उडतोय म्हणून 15 अँपिअरच्या निळ्याच्या जागी 30 चा हिरवा टाकू नका, फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळायचं तर नावच काढू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळते. ब्लोअरच्या बटणामागचा प्लग काढून बघा, प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर पिन सैल आहे, ती बदला. आणि गाडीला गॅस किट असेल आणि वास येत असेल तर कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, आधी दारं उघडी आणि लांब व्हायचं.

जुनी बॅटरी तर मी एक्स्चेंजमध्ये दिलेली, चांगली धडधाकट होती. ब्लोअर आता एकवर पण चालतो, पण ते फडकं अजून डॅशबोर्डवरच आहे, बायको काढू देत नाही.