चेनला लटकवलेली काडेपेटी

ही डबी बघा. चांदीची, काडेपेटीपेक्षा लहान, कोपरे गोल आणि बाजूला एक बारकी कडी. वेंगुर्ल्यातल्या एका जुन्या घराच्या फडताळात ही सापडली. घरातल्या आजी म्हणतात, "तपकिरीची डबी ती, आज्येसासऱ्यांची, ते आगबोटीवर होते." पण आता बुडाकडे बघा, बारीक आडव्या खाचा दिसतायत? तपकिरीला खाचा कशाला लागतात? इथे काडी ओढायची!

१८२७ मध्ये इंग्लंडात जॉन वॉकर नावाच्या औषधवाल्याने घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या. पुढे फॉस्फरसवाल्या आल्या, त्या भिंतीवर घासा, बुटाच्या तळाला घासा, कुठेही पेटायच्या, आणि खिशात एकमेकींना घासल्या तरी पेटायच्या म्हणजे कोटाचं काय होत असेल ते बघा. म्हणून घट्ट झाकणाची धातूची डबी आली, तिला म्हणायचे वेस्टा केस. आपल्याकडे पावसाळ्यात काड्या कशा सादळतात ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, तिथेही ही कामाचीच.

पण काम राहिलं बाजूला, साहेबाने ती घड्याळाच्या चेनला अडकवली. वास्किटावरून जाणारी अल्बर्ट चेन, राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याच्या नावाची, तिच्या एका टोकाला घड्याळ, दुसऱ्या टोकाला ही डबी, कुणाकुणाच्या चेनला सिगार कापायचं इवलंसं कटरसुद्धा. मग काय, डुकराच्या आकाराची डबी, कवटीच्या आकाराची, मीनाकाम केलेली... मला विचाराल तर काडी हे नुसतं निमित्त, पुरुषाला दागिना मिरवायला काहीतरी कारण लागतंच. आपल्याकडे कमरेला चंची, त्यात चांदीचं चुनाळं साखळीसकट, तोही थाटच की. आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही तो कानावर विडी ठेवायचा, भिकबाळी घातल्यासारखी.

नंतर फक्त पेटीवरच पेटणाऱ्या सेफ्टी काड्या सगळीकडे झाल्या, लायटर आले, पहिल्या महायुद्धानंतर घड्याळ मनगटावर गेलं, चेनच गेली तर डबी लटकणार कुठे?

घरात अशी काही सापडली तर आधी झाकणाच्या आत भिंगाने बघा. जहाजाचा नांगर असेल तर इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमला चांदी तपासल्याचा शिक्का, चालणारा सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, आणि शेजारच्या एकट्या अक्षरावरून वर्ष काढता येतं. हल्ली नव्या बनवलेल्या नकली डब्याही जुन्या म्हणून खपवतात, तेव्हा जपून. राखेने घासत बसू नका, शिक्का झिजतो. आणि आत जुन्या काड्या निघाल्या तर पोरांच्या हातात अजिबात देऊ नका, त्या काळचा पांढरा फॉस्फरस विषारी होता, १९०६ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या करारात तो काड्यांत वापरण्यावर बंदीच घातली गेली.