वाद कागदावर उतरवताना

नमस्कार श्रोतेहो. जोराचा पाऊस लागला की आपल्या बेळगावकडच्या शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारातल्या भातात बळ्ळारी नाल्याचं पाणी शिरतं, आणि त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवरचे ग्रुप तापतात. एक म्हणतो जलपर्णी काढा, दुसरा नुसते फोटो टाकतो, तिसऱ्याच्या मराठीला चौथा कन्नडमधून उत्तर देतो. मध्येच कुणाचा तरी वाढदिवस निघतो. सकाळी वाचणाऱ्याला काय ठरलं ते कळत नाही, कारण काही ठरलेलंच नसतं.

मोबाईलवर बोलणं वेळेच्या क्रमानं लागतं, मुद्द्याच्या नव्हे. यावर होर्स्ट रिटेल आणि वेर्नर कुन्झ या अभ्यासकांनी १९७० मध्येच, नगररचनेसारख्या गुंतागुंतीच्या प्रश्नांसाठी, एक पद्धत मांडली होती. तिची आकृती रेडिओवर सांगायची म्हणजे पंचाईतच, तेव्हा कागद-पेन्सिल घ्या.

वर मधोमध प्रश्न लिहा : शिवारात पाणी का तुंबतं? खाली एकेकाचं म्हणणं, वेगवेगळ्या चौकटीत : गाळ, जलपर्णी, अतिक्रमण. प्रत्येक चौकटीखाली बाजूचा मुद्दा अधिक चिन्हानं, विरुद्धचा वजा चिन्हानं. गाळाखाली एक लिहील, ‘उन्हाळ्यात नाला उपसला तर पाणी लवकर ओसरेल.’ वजात दुसरा, ‘उपसलेला गाळ काठावरच राहिला तर पावसात परत आत.’ ग्रुपवर हे दोघे हमरीतुमरीवर आलेले असतात. कागदावर दिसतं, की उपसायला दोघांचीही ना नाही. गाळ टाकायचा कुठं, एवढाच वाद. तो नवा प्रश्न, त्याला नवी फांदी. दुबार पेरणी करायची का, हा तर वेगळाच कागद, कारण त्याला थांबायला वेळ नाही.

मुद्द्यापुढं नाव लिहू नका. नाव आलं की भाऊबंदकी आली. तोच मुद्दा मराठीत येवो की कन्नडमध्ये, चौकट एकच. लिहायला असा माणूस बसवा, ज्याला दोन्ही भाषा येतात आणि स्वतःचं घोडं पुढं दामटायची सवय नाही. असा माणूस मिळणं, हीच खरी अडचण! मग कागदाचा फोटो ग्रुपवर पिन करा आणि नवा मुद्दा आला की फोटो बदला.

आणि ग्रुपवरच्या मतदानाची घाई नको. त्यात हात मोजले जातात, कारणं नाहीत. आधी वजाच्या बाजूचं सगळं लिहून होऊ दे, मतदान मग घ्या.