परत किती घ्याल?

(नाणेसंग्राहकांच्या मासिक बैठकीत दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून)

मंडळी, बोलायला लागण्याआधी हा तुकडा हातात घ्या आणि मागे देत जा. घाई नाही. तांब्याचा आहे, चांगला जाडजूड. एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता आणि पायाशी मारुती. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत 'ईस्ट इंडिया कंपनी', 'वन आना' आणि साल १८१८. रविवारच्या जुन्या बाजारात मी तो शंभर रुपयांना घेतला. विकणारा पोरगा म्हणाला, "काका, हे दहा लाखाला जातं." मी म्हटलं, "मग तू इथं उन्हात कशाला बसलायस?" तो जराही न अडखळता म्हणाला, "मला गिऱ्हाईक माहीत नाही ना. तुम्हाला असेल."

या एका वाक्यावर हा सगळा धंदा उभा आहे. माल माझ्याकडे, गिऱ्हाईक तुम्ही शोधा, मधला फायदा तुमच्या कल्पनेत.

आता त्या तुकड्याच्या कडेवरून नख फिरवा. मध्ये एक बारीक शिवण लागेल. देवांच्या तोंडावर उजेड तिरका पाडलात तर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतील. हे ओतकाम आहे. टांकसाळीत नाणं ओतत नाहीत, दोन ठशांमध्ये धरून ठोकतात, आणि ठोकलेल्या अक्षराची धार वेगळीच असते. शिवाय एक आण्याचं नाणं ब्रिटिश हिंदुस्थानात नियमित चलनात आलं ते १९०७ साली. १८१८ मध्ये कंपनीच्या तिन्ही इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. सगळीकडे एकच नाणं हा प्रकार १८३५चा. म्हणजे हा आणा स्वतःच्या जन्माआधीच चलनात आलेला आहे.

तरी लोक फसतात, आणि मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. कारण या खोट्याला खऱ्याचे टेकू आहेत. कंपनीने मद्रासला खरोखरच विष्णूची मूर्ती असलेले पगोडा, म्हणजे सोन्याची नाणी, पाडले होते. अकबराने अखेरच्या काळात, त्याच्या स्वतःच्या इलाही सनाच्या ५०व्या वर्षी, धनुर्धारी राम आणि मागे सीता असलेली अर्धी मोहर काढली, त्यावर नागरीत 'राम सीय' असं लिहिलंय. तिचा एक नमुना लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आणि रामटंका हा प्रकारही खराच. भाविकांसाठी, देवघरात ठेवण्यासाठी, खासगी कारागिरांनी पाडलेली ती मुद्रा. ती चलन कधीच नव्हती. जुनी चांदीची रामटंका आजही जाणकार माणूस मान देऊन घेतो. तेव्हा आजोबांच्या देव्हाऱ्यात सापडलेली रामटंका खोटी नसते, खोटी असते ती तिच्याबद्दल सांगितलेली गोष्ट.

याच तुकड्याचा आणखी भयंकर अवतार म्हणजे तांदूळ ओढणारं नाणं, धंद्यातल्या भाषेत राइस पुलर. नाण्याजवळ तांदळाचा दाणा नेला की तो सरकतो. मग त्यात इरिडियम नावाचा दुर्मीळ धातू आहे, त्यावर वीज पडली होती, परदेशी अंतराळ संस्था ते कोट्यवधींना घेते, असं सांगतात. दाण्यात लोखंडाची तार घालायला किती अक्कल लागते? पण इथं नाणं विकतच नाहीत. विकतात ती 'टेस्टिंग'. शास्त्रज्ञ येणार, त्यांचा खर्च, त्यांचे खास कपडे, रसायनं, प्रत्येक पायरीला पैसे. २०१८ मध्ये दिल्लीत बाप-लेकांची अशी जोडी पकडली गेली. एका व्यापाऱ्याला त्यांनी जवळपास दीड कोटीला बुडवलं होतं. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखांना विकून देतो म्हणणारेही याच कुळातले: आधी नोंदणीची फी, मग कमिशन, मग जीएसटी. ते नाणं २०१२ साली निघालेलं साधं चलनी नाणं आहे. प्रकार इतका वाढला की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही नाही आणि त्यासाठी कुणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही.

पण हे झाले चोर. चोरांवर तासभर बोलणं सोपं असतं, टाळ्याही मिळतात. मला बोलायचंय ते सभ्य दुकानदारीबद्दल, जिथं काहीही खोटं बोलत नाहीत आणि तरीही तुमचा खिसा हलका होतो.

आपल्या सरकारी टांकसाळीपासूनच सुरू करू. मे २०२३ मध्ये नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं निघालं. वजन ३५ ग्रॅम, व्यास ४४ मिलिमीटर, चांदी पन्नास टक्के, तांबं चाळीस, निकेल आणि जस्त पाच-पाच. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. ते घेऊन तुम्ही वाण्याकडे जात नाही, आणि जाऊही नका, त्याला वाटेल तुम्ही थट्टा करताय. ते टांकसाळीकडून खास वेष्टनात मिळतं, आणि किंमत अंकावर लिहिलेल्या ७५ पेक्षा कितीतरी जास्त. यात फसवणूक काही नाही. वजन, धातू, सगळं राजपत्रात छापलेलं असतं. पण लोक अंक पाहतात आणि त्यांना वाटतं आपण पैसे घेतले. तसं नाही. आपण वस्तू घेतली.

आणि टांकसाळ आजच दुकानदार झाली असंही नाही. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी एके काळी हौशी लोकांच्या मागणीवरून जुन्या दुर्मीळ नाण्यांच्या नव्या प्रती पाडून द्यायच्या. १९७०च्या आसपास ते थांबलं. त्या प्रतींना आपण रीस्ट्राइक म्हणतो. टांकसाळ खरी, ठसा अधिकृत, साल १८३५चं, आणि नाणं मात्र कितीतरी उशिराचं. मग ते खरं की खोटं? आपल्या बैठकीत या प्रश्नावर दोनदा चहा गार झालेला आहे, तिसऱ्यांदा नको.

बाहेरच्या देशांत तर ही कला फारच पुढे गेली. प्रशांत महासागरात नीउए नावाचं बेट आहे, लोकवस्ती दोन हजारांच्या आत. त्या बेटाच्या नावाने २०११ मध्ये स्टार वॉर्सची नाणी निघाली. एका बाजूला इंग्लंडची राणी, दुसऱ्या बाजूला अंतराळातले योद्धे, आणि कायद्याने चलन. त्याच महासागरातल्या पलाऊने, फ्रान्समधल्या लूर्द गावी मेरीमातेने दिलेल्या दर्शनाच्या दीडशेव्या वर्षानिमित्त एक डॉलरचं नाणं काढलं, त्यात लूर्दच्या पाण्याची इवलीशी कुपी बसवलेली. आपल्याकडे गंगाजल तांब्याच्या गडूत येतं, तिकडे नाण्यात आलं. या छोट्या देशांना मी दोष देत नाही. बेटाकडे विकण्यासारखं काय असतं? मासे, पोस्टाची तिकिटं आणि सार्वभौमत्व. ते तिसरं विकतात.

खरी शाळा मात्र अमेरिकेतली. १९६४ साली तिथं जोसेफ सेगल यांनी फ्रँकलिन मिंट काढली. ही खासगी टांकसाळ. पदकं, चांदीच्या पट्ट्या आणि परदेशी सरकारांची नाणीही ती पाडायची. पनामाचं वीस बाल्बोआंचं चांदीचं नाणं तिचंच: ६१ मिलिमीटर रुंद, जवळजवळ १३० ग्रॅम, सुपारीच्या डब्याच्या झाकणाएवढं. पण तिची हुशारी धातूत नव्हती. ती होती 'मर्यादित आवृत्ती' या दोन शब्दांत. मर्यादित म्हणजे किती? तर अमुक तारखेपर्यंत जितक्या लोकांनी मागणी नोंदवली तितके. म्हणजे मर्यादा मालावर नव्हती, कॅलेंडरवर होती. आणि एकदा नाव नोंदवलं की मालिका सुरू. दर महिन्याला टपालाने एक पदक, बरोबर रिकाम्या खाचांचा पुठ्ठ्याचा अल्बम. मंडळी, रिकामी खाच ही जगातली सगळ्यात चांगली विक्रेती आहे. बावीस भरल्या आणि दोन राहिल्या की माणसाला झोप लागत नाही. इथं बसलेल्यांपैकी कुणाला हे सांगायला नको, आपण सगळे त्याच आजाराचे रोगी.

पुढे लोक ही पदकं विकायला गेले, तेव्हा दुकानदाराने तराजू काढला. पदकावर काय कोरलंय हे त्याने वाचलंसुद्धा नाही. १९८०च्या जानेवारीत चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ गेला, तेव्हा तर असली पदकं ढिगांनी वितळवली गेली. गंमत बघा, जाहिरातीत म्हटलेली दुर्मीळता त्या भट्टीमुळे थोडीफार खरी झाली.

एक उदाहरण सांगतो आणि आपल्याकडे येतो. २००४ मध्ये अमेरिकेत टीव्हीवर 'फ्रीडम टॉवर सिल्व्हर डॉलर' विकला जात होता. २००१च्या हल्ल्यात कोसळलेल्या न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांच्या तळघरातल्या तिजोरीतून निघालेली चांदी त्यात आहे, हे जाहिरातीचं मुख्य वाक्य. किंमत वीस डॉलरला पाच सेंट कमी. नाणं काढलं कुणी, तर नॉर्दर्न मारियाना बेटांनी. आता ही बेटं अमेरिकेच्याच अखत्यारीत, त्यांना नाणं पाडायचा अधिकारच नाही. आणि चांदी होती ती वरच्या मुलाम्यापुरती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी कोर्टातून विक्री थांबवली. मला यात खटकतं ते मुलाम्याचं नाही. लोक त्या डॉलरसाठी फोन करत होते ते आपलं दुःख हातात धरता यावं म्हणून, आणि कुणीतरी त्या दुःखाचं वजन करून पाहिलं.

हे म्हणायला मला तोंड आहे का, तर फारसं नाही.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास मी शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, किलोवर घ्यायचो. मोडीत आलेल्या, झिजलेल्या, काळ्या पडलेल्या. चिंचेच्या पाण्यात घासायच्या (ऐकूनच इथल्या दोघा-तिघांचे चेहरे वाकडे झाले, मला दिसतंय, आता मी तसं करत नाही), मग लाल मखमलीवर एक शिवराई चिकटवायची, काच, सोनेरी फ्रेम, आणि खाली लेबल: 'शिवकालीन नाणे'. किंमत दीडशे रुपये. शिवजयंतीच्या आधीच्या आठवड्यात हातोहात जायच्या.

त्या शिवराया खऱ्या होत्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', सगळं बरोबर. पण बहुतेक दुदांडी, म्हणजे अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या. महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, शिवराई सुरू केली. पण तोच लेख घेऊन पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही टांकसाळींनी ती ढिगांनी पाडली. किलोवर मिळणारी दुदांडी ही महाराजांच्या हातची नव्हे. मला हे माहीत होतं. लेबलावर मी 'महाराजांच्या काळातील' असं लिहिलं नव्हतं, 'शिवकालीन' लिहिलं होतं, आणि रात्री स्वतःला सांगायचो की शिवकालीन म्हणजे शिवशक, महाराजांनी सुरू केलेली कालगणना, चालू असतानाचं. वकिलाने अशील सोडवावा तसं मी मला सोडवायचो.

त्यापेक्षा 'पेशवेकालीन शिवराई, बाजारात फिरून झिजलेली' असं लिहिलं असतं तर? विकली गेली असती. कदाचित साठ रुपयांना. वरचे नव्वद रुपये एका शब्दाचे होते.

म्हणून मी नव्या मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवतो. किती जुनं, किती दुर्मीळ, सर्टिफिकेट आहे का, हे नंतर. आधी विचारायचं, "उद्या मीच हे परत आणलं तर तुम्ही कितीला घ्याल?" आपल्या सराफाला हे विचारताना लाज वाटत नाही. तो मजुरी धरत नाही, घट कापतो, पण आकडा सांगतो. नाणेवाल्याला विचारलं की तो एकतर आकडा सांगतो किंवा इतिहास सांगायला लागतो. इतिहास सुरू झाला की पाकीट खिशात ठेवा. आणि आकडा पटला नाही, तरी ती वस्तू आवडली असेल तर जरूर घ्या. माझ्याकडेही लूर्दच्या पाण्याचं ते नाणं आहे, हौसेने घेतलेलं. फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका. हौसेला हौसेच्या खात्यात टाका.

मागच्या दिवाळीत एक गृहस्थ दुकानात आले. पन्नाशीचे, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. वडील गेले, घर आवरताना सापडलं म्हणाले. उलगडलं तर लाल मखमल, सोनेरी फ्रेम आणि माझ्याच अक्षरातलं लेबल. त्यांनी मला ओळखलं नाही. फ्रेम काउंटरवर ठेवून विचारलं, "याचे किती घ्याल?"

मी दीडशे रुपये दिले आणि लेबलाचा खरा अर्थ काय तेही सांगून टाकलं. त्यांनी पैसे मोजून घेतले, जाताना म्हणाले, "वडील रोज उदबत्ती ओवाळायचे हो त्याला." ती फ्रेम आज आणलीय, चहाच्या टेबलाजवळ ठेवली आहे. काचेला आतून धुराचा पिवळा डाग आहे, तो मी पुसलेला नाही. आणि तो तांब्याचा तुकडा कुठवर पोचला? शेवटच्या रांगेतून तेवढा पुढे द्या, मोजून एकच आणलाय.