मीटर पाइपाबाहेर, भानगड आत

माईक चालू आहे ना? हं. तर विषय छापलाय 'तेल-गॅसचा किरणोत्सारी कचरा आणि समुद्रतळावरचे जीव', आणि हे वाचलं की पहिला प्रश्न ठरलेला, सर, मासे अंधारात चमकतात का. नाही चमकत. चमकले असते तर आम्हाला गाळ चाळत बसावं लागलं नसतं.

खडकात युरेनियम, थोरियम असतंच, ते फारसं हलत नाही, पण त्यातून तयार होणारं रेडियम खालच्या खारट पाण्यात विरघळतं आणि तेलाबरोबर वर येतं. त्या पाण्यात बेरियमही असतं. दाब टिकवायला समुद्राचं पाणी आत सोडतात, त्यात सल्फेट, दोघांची गाठ पडली की पाइपात दगडासारखा थर धरतो आणि रेडियम त्यात अडकतं. गिझरच्या कॉइलवर धरतो ना तसाच, फक्त याच्यासमोर किरणं मोजणारं मीटर टकटक करतं.

आता माझं दुखणं सांगतो, दोन मिनिटं. एका बंद पडलेल्या गॅसलाइनची तपासणी होती, कुणाची ते विचारू नका. साहेबांनी मीटर पाइपाला बाहेरून टेकवलं, काटा ढिम्म, साहेब म्हणाले 'क्लीन', फॉर्मवर टिक. मी म्हटलं साहेब, तेलाच्या पाइपातल्या रेडियमच्या पिल्लावळीचे गॅमा किरण स्टीलमधून बाहेर येतात म्हणून तिथे मीटर बोलतं, पण गॅसबरोबर रेडॉन हा किरणोत्सारी वायू येतो आणि तो आतल्या भिंतीवर शिसं-२१० आणि पोलोनियम-२१० चा पातळ पापुद्रा सोडून जातो, पोलोनियमचे अल्फा कण साध्या कागदानेही अडतात, ते स्टीलच्या बाहेर कसले येतायत? आतून बघू या. साहेबांनी फॉर्म उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, म्हणाले, 'डॉक्टर, "आतून" असा रकानाच नाही.' (हशा) हसा, मला तो रकाना अजून स्वप्नात येतो.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. बापरे, पाचच मिनिटं? मुख्य विषय पळवतो मग.

जो कण कागद ओलांडत नाही तो सोडणारा पापुद्रा, पाइप गंजल्यावर, गाळ गिळणाऱ्या कृमीच्या पोटात गेला की थेट पेशीच्या शेजारी बसतो, तिथे डीएनए तुटायला मधे कागद नाही. रेडियम कॅल्शियमसारखं वागतं, म्हणून शिंपल्यात, हाडात शिरतं. पोलोनियम पचनग्रंथीत साचतं. थरातलं रेडियम सहसा विरघळत नाही, बरचसं पोटातून तसंच बाहेर पडतं, हे कबूल. पण ऑक्सिजन नसलेल्या गाळात जिवाणू सल्फेट वापरून टाकतात, मग थरच विरघळायला लागतो. शिवाय तिथे तेल असतं, जड धातू असतात, त्यामुळे कृमी कशाने मेली हे वेगळं काढताना जीव जातो, आमचा.

१९९५ मध्ये ब्रेंट स्पार ही उत्तर समुद्रातली तेलसाठ्याची जुनी टाकी समुद्रातच बुडवायचा बेत होता, त्यावरून रान पेटलं, १९९८ मध्ये ऑस्पारच्या, म्हणजे ईशान्य अटलांटिक जपण्याच्या कराराच्या, देशांनी जुने प्लॅटफॉर्म समुद्रात टाकायला बंदी केली, काही अपवाद ठेवून. पाइपलाइन त्या बंदीत नाहीतच! त्या बऱ्याचदा तळाशीच राहतात. स्टील आधी गंजणार, रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १६०० वर्षं. झाली बेल? बरं, प्रश्न घ्या. चमकण्याचा सोडून.