ओलवण देशाची रेल्वे

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘लहान मुलं स्वतःचा देश का वसवतात?’ मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, तेव्हा सुरुवात नकाशापासूनच करते.

इंग्लंडमध्ये टॉमस माल्किन नावाचा मुलगा होता. जन्म 1795चा. त्यानं ‘ॲलस्टोन’ नावाचा देश रचला. त्याचा नकाशा काढला, गावांना, डोंगरांना नावं दिली, राजे नेमले, इतिहास लिहिला. 1802 साली, सातवा वाढदिवस यायच्या आधीच टॉमस गेला. वडिलांनी 1806मध्ये त्याच्या आठवणींचं पुस्तक काढलं आणि त्यात तो नकाशाही छापला. मुखपृष्ठाच्या आतलं चित्र कवी-चित्रकार विल्यम ब्लेकनं रचलेलं, हे जाता जाता सांगते. सहा वर्षांच्या पोराचा देश दोनशे वर्षांनंतरही आपल्याला सापडतो, कारण बापानं कागद जपून ठेवले. हे ‘कागद जपून ठेवले’ लक्षात असू द्या, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता माझ्या धाकट्या भावाचा देश. आम्ही चिपळूणचे. घर जांभ्याचं, भिंतींना आतून चुना. पावसाळ्यात माजघराच्या भिंतीला ओल यायची. तुमच्यापैकी कोकणातल्यांना सांगायला नको, त्या ओलीला कडा असते. पिवळसर, तपकिरी, किनाऱ्यासारखी. 1966च्या पावसाळ्यात भाऊ दुसरीत होता. त्या ओलीकडे बघून तो म्हणाला, “ताई, हा देश आहे. पाऊस पडला की मोठा होतो.” नाव ठेवलं ओलवण. रोज सकाळी उठून तो कोळशानं नवी सीमा आखायचा. चार दिवस उघडीप पडली की देश आक्रसायचा आणि याचं तोंड उतरायचं. मग आजी म्हणायची, “अरे, येईल हो पाऊस, तुझ्या राज्यासाठी तरी येईल.”

देशाचं चलन चिंचोके. दहा चिंचोक्यांना एक गुंज. हा दर त्यानं कधी बदलला नाही. मी एकदा बारा मागितले तर दोन दिवस माझ्याशी अबोला. आणि ओलवणला रेल्वे होती! 1966 सालच्या चिपळुणात, जिथं आगगाडी आम्ही फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेली. मुंबईला जायचं तर एसटी, नाहीतर दाभोळहून बोट. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998 साली. माझ्या भावाची बत्तीस वर्षं आधी धावत होती. अकरा स्टेशनं. बेडूकवाडी, चिंचफाटा, गुळाची खिंड... ‘आजीचा माळा’ या स्टेशनात गाडी पाच मिनिटं जास्त थांबायची, कारण तिथं चढणाऱ्यांचे गुडघे दुखतात. मी पाचवीत, मला सगळं कळतं असं वाटायचं. मी म्हटलं, “मध्ये खाडी आहे, गाडी कशी जाईल?” तो क्षणभर थांबला, म्हणाला, “खाडीत डबे होडीवर चढवतात. इंजिन पोहत जातं. त्याला येतं पोहायला.” आणि लगेच त्यानं खाडीच्या दोन्ही काठांना धक्के काढले.

गणपतीच्या आधी भिंतीला चुना लागला. ओलवण गेलं. भाऊ रडला नाही, त्यानं देश वहीत हलवला, गणिताच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर. शाळेत गुरुजींनी ती पानं पाहिली, विचारलं, “हा कुठला देश? पुस्तकात दाखव.” दाखवणार कसा? चार पानं टराटरा फाडली गेली, वर्गासमोर. मी पुढं स्वतः शिक्षिका झाले, वर्गात साठ मुलं असताना माणूस कसा पिचतो ते मला ठाऊक आहे. तरीही त्या चार पानांचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. कारण त्या पानांवर काय होतं ते गुरुजींनी वाचलंच नाही. आमचे वडील मुंबईत नोकरीला, घरी यायचे गणपतीला आणि शिमग्याला. ओलवण रेल्वेचं अकरावं स्टेशन होतं ‘बाबांची खोली, गिरगाव’.

...हो, चिठ्ठी मिळाली, दहा मिनिटं. माझा खरा मुद्दा राहिलाच आहे, तो भरभर सांगते.

अशा कल्पित जगाला इंग्रजीत ‘पॅराकॉझम’ म्हणतात. हा शब्द 1970च्या दशकात रॉबर्ट सिल्व्ही यांच्या अभ्यासातून आला. बीबीसीत श्रोत्यांच्या आवडीनिवडी मोजण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. लहानपणी त्यांचाही एक देश होता, म्हणून निवृत्तीनंतर ते आपल्यासारखी माणसं शोधायला लागले. म्हणजे माझा भाऊ एकटा नव्हता. हे मला साठीनंतर कळलं, त्याला तेव्हाच कुणी सांगायला हवं होतं.

गोष्ट रचणं आणि देश रचणं यांत मला मोठा फरक दिसतो. गोष्ट आज एक, उद्या दुसरी चालते. देशाला हिशेब लागतो. काल खाडी होती तर आजही खाडी असणार, मग गाडी पलीकडे न्यायची कशी ते ठरवावं लागतं. बेलफास्टमध्ये सी. एस. लुईस, पुढं ‘नार्निया’च्या गोष्टी लिहिणारा लेखक, लहानपणी बोलक्या प्राण्यांचा देश लिहीत होता, आणि त्याच्या थोरल्या भावाचा देश कुठला? हिंदुस्थान! दोघांना देश जोडायचे होते, म्हणून त्यांनी हिंदुस्थानचं बेट केलं, हिमालयाच्या पाठीमागून उत्तर किनारा नेला आणि मध्ये आगबोटींचे मार्ग आखले. बघा, पुन्हा वाहतूकच! ज्या मुलाला हा प्रश्न पडतो, ते मूल माझ्या मते भूगोल शिकलेलं असतं. पुस्तक नंतर येतं.

मग पालकांनी करायचं काय? “छान छान” म्हणून विषय मिटवू नका. नकाशा चुकलाय असंही सांगू नका. पाहुणा नव्या गावात उतरल्यावर विचारतो तसं विचारा, तिकडं पाऊस किती पडतो, मीठ कुठून येतं, आजारी पडलं तर कुणाकडे जायचं. उत्तर नाही मिळालं तर गप्प बसा, संध्याकाळपर्यंत मिळेल. फोटो काढून नातेवाइकांना पाठवायचा असेल तर आधी राजाची परवानगी घ्या, कारण काही देश गुप्त असतात.

आणि कागद टाकू नका. एका पाकिटात घाला, मागच्या बाजूला बारीक पेन्सिलीनं तारीख लिहा. ओलवणची अकरा स्टेशनं होती. भावाला आणि मला मिळून त्यांतली सातच आठवतात.