न पाहिलेला गेंडा

गेंड्याच्या या छापील चित्रात आधी मानेच्या मागे, खांद्यावर बघा. पीळ पडलेलं एक छोटं शिंग दिसतंय? असं शिंग कुठल्याच गेंड्याला नसतं. पायांवरचे खवलेही खोटे. अंगावरचं चिलखत मात्र अगदीच हवेतलं नाही. भारतीय गेंड्याच्या कातडीला खरोखर जाड घड्या असतात, खांद्यावर आणि पुठ्ठ्यावर गाठीही असतात. चित्रकाराने त्या घड्यांचे पत्रे केले.

हा चित्रकार म्हणजे जर्मनीतल्या न्युरेंबर्गचा आल्ब्रेख्ट ड्युरर. साल १५१५.

गेंडा आपल्याकडचा. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला. अल्बुकर्कने गोव्याहून पोर्तुगालच्या राजाकडे, मानुएलकडे धाडला. जानेवारी १५१५ मध्ये निघालेलं जहाज २० मे रोजी लिस्बनला लागलं. पोर्तुगीज त्याला 'गंडा' म्हणत. नावही इथूनच गेलं.

ड्युरर लिस्बनला गेलाच नाही. तिथून जर्मनीत आलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन, एवढ्यावर त्याने शाईने चित्र काढलं. ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावरून लाकडी ठसा कोरला गेला. ठशात रेघ कोरत नाहीत. रेघ ठेवून आजूबाजूचं लाकूड काढतात. उंच राहिलेल्या रेघेला शाई लागते आणि कागदावर चित्र उलटं उमटतं. गेंड्याच्या वर जो मजकूर दिसतो, तो अक्षरांचे खिळे जुळवून छापलेला. त्यात गेंडा आल्याचं साल १५१३ पडलंय. चित्रावर १५१५, मजकुरात १५१३. एकाच कागदावर दोन सालं!

त्याच वर्षी आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरनेही हाच गेंडा छापला. त्यात खांद्यावरचं शिंग नाही, चिलखत नाही, आणि पुढच्या पायांना पायबंद आहे. तो जास्त खरा. पण त्याची एकच प्रत उरली आहे, व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात.

ड्युररचा ठसा मात्र पुन्हा पुन्हा छापला गेला. निसर्गअभ्यासक गेस्नरने १५५१ पासून काढलेल्या प्राणिग्रंथातही हाच गेंडा आला, त्या शिंगासकट. चूक दाखवायला जिवंत गेंडा हवा ना? लिस्बनला आलेला गेंडा तर मानुएल राजाने पोपला भेट म्हणून जहाजाने धाडला होता. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. साखळीने जखडलेल्या गेंड्याला पोहता आलं नाही. पुढचा गेंडा युरोपात पोहोचायला साठेक वर्षं लागली.

आता ही उशिराची प्रत बघा. पायांतून आडवी गेलेली पांढरी रेघ ड्युररची नव्हे, ठसाच तडकलाय. हे पांढरे ठिपके म्हणजे वाळवीसारख्या किडीने लाकडाला पाडलेली भोकं, तिथे शाई बसत नाही. १६२० नंतर अॅम्स्टरडॅमच्या विलेम यान्सेनने त्याच ठशावर रंगासाठी दुसरा ठसा चढवून गेंडा पुन्हा विकायला काढला. शिंग तसंच.