सरकणारा आकडा

सोनं काट्यावर ठेवण्याआधी जुना सराफ पंखा बंद करायचा. एम.एस्सी.ला आलेल्या पोरांना मात्र हे पुन्हा सांगावं लागतं. आपला अ‍ॅनालिटिकल बॅलन्स, म्हणजे प्रयोगशाळेतला नाजूक काटा, ०.१ मिलिग्रॅम वाचतो, म्हणजे गुंजेच्या हजाराव्या भागाहूनही थोडं कमी.

आकडा ठरत नाही म्हणून तुम्ही वैतागता. वैतागू नका, तो कुठे सरकतोय ते बघा. ओव्हनमधून काढलेलं क्रुसिबल कोमट असतानाच पॅनवर ठेवलंत, की भोवतीची हवा तापून वर चढते आणि भांड्याला किंचित उचलून धरते. वजन कमी भरतं. भांडं निवेल तसा आकडा वर चढत जातो. आता गंमत अशी, की ओल शोषणारा पदार्थ असला तरी आकडा वरच चढतो. जुलै महिन्यात कोकणात कॉस्टिक सोड्याची बाटली उघडून बघा. मग ओळखायचं कसं? भांडं खोलीइतकं निवलं की उष्णतेचा चढ थांबतो, ओलीचा चालूच राहतो. हा प्रश्न मी तोंडी परीक्षेत विचारतो, लिहून घ्या. आकडा उतरत असेल तर काहीतरी उडून जातंय, झाकण लावा. वरखाली नाचत असेल आणि हात जवळ नेला की बदलत असेल, तर स्थिर विद्युत. हिवाळ्यातली कोरडी हवा, त्यात एसी आणि वर प्लॅस्टिकचं भांडं. धातूचं घ्या.

मला भीती वाटते ती न हलणाऱ्या आकड्याची. एकदा आम्ही बॅलन्स तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर नेला. पाय फिरवून पातळी साधली, बुडबुडा मधोमध आणला, कॅलिब्रेशन, म्हणजे ठाऊक वजन ठेवून काटा लावून घेणं, तेवढं करायचं राहिलं. साधारण १० मीटर वर गेलं की गुरुत्व दहा लाखांत तीन भागांनी घटतं, आणि २०० ग्रॅमचं वजन ०.६ मिलिग्रॅम कमी दिसतं. आकडा कसा, दगडासारखा स्थिर! आम्ही आठवडाभर वजनपेटीवर संशय घेत बसलो होतो.

हवेचंही तसंच. १० मिलिलिटरचं पिपेट, म्हणजे द्रव मोजून सोडायची नळी, तपासताना आपण तिच्यातून सोडलेलं पाणी तोलतो. हवा त्या पाण्याला उचलते. काटा ज्या स्टीलच्या वजनांवर लावलेला असतो त्यांनाही उचलते, पण स्टील पाण्याच्या आठपट घन, त्यामुळे त्यांना फारच कमी. पाणी दर ग्रॅमला साधारण १.०५ मिलिग्रॅम कमी भरतं, १० ग्रॅमला दहाच्या वर. क्लास ए, म्हणजे वरच्या दर्जाच्या पिपेटला चुकीची मुभाच ०.०२ मिलिलिटरची. त्यातली निम्मी हवेनेच खाल्ली, आणि तुम्ही पिपेट बाद करून मोकळे.